अठरा की एकोणीस

जॅक चढवला आणि पुढचं चाक
दोन्ही बाजूंनी धरून हलवलं.
टक्.
पुन्हा टक्.
आत स्टिअरिंगला याचा पत्ताच नाही.
भरमाण्णा म्हणाला, "हिला ऐकू कमी येतंय की ओ."

एकोणसत्तर सालची डॉज, आठ सिलिंडरची,
बोनेटवर दोन माणसं निवांत झोपतील.
बहारीनहून मुरगाव, मुरगावहून घाट चढून कॅम्पात,
आणि तिथं बावीस वर्षं
मिसेस रोझालिन सिक्वेरांच्या पोर्चमध्ये.
टपावर मिरच्या वाळायच्या. काच पुसताना अजून शिंक येते.

"वेगबिग मला नको," त्या म्हणाल्या,
"सरळ जाऊ दे, बास.
हे चालवायचे तेव्हासुद्धा
ती रस्त्याला विचारत विचारत जायची."

खोक्यातून पार्ट आले: टायरॉड एंड चार,
सेंटर लिंक, पिटमन आर्म, तेलकट कागदात गुंडाळलेले.
आयडलर आर्म आला तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा.
मग उद्यमबागेत सिद्राम हंचिनमनीनं
गनमेटलचा बुश लेथवर काढून दिला,
हातात ठेवताना म्हणाला, "गरम आहे,"
आणि पैशाचं बोलला नाही. नंतर बोलला.

नट सुटला म्हणून सांधा सुटत नाही.
चाळीस-पन्नास वर्षं एका डोळ्यात बसलेली खुंटी,
तिला मारून उपयोग नाही, आटे बसतात.
एक हातोडा मागून आधाराला,
दुसरा पुढून, डोळ्याच्या गालावर.
पहिला घाव: गंज पडला.
दुसरा: माझ्या अंगठ्याला.
तिसऱ्याला ती आपसूक खाली आली,
फरशीवर एकदा वाजली आणि गप्प.

आता जुना एंड किती फेऱ्यांत निघतो ते मोजायचं,
तेवढेच फेरे नवा आत घालायचा.
भरमाण्णा फिरवत होता, मोजत होता कन्नडात,
मी उजेड धरून मराठीत.
तो थांबला: हदिनेंटु.
मी थांबलो: एकोणीस.
"पहिला अर्धा तू धरलास."
"हन्नेरडुनंतर तुझा फोन वाजला."
खडू माझ्या खिशात होता. कुणी लिहिलं नव्हतं.
चहा आला, गार झाला,
सिद्रामला बोलावलं तर तो म्हणाला,
"फेऱ्यांचं मला कळत नाही, हजारांश सांगा."

शेवटी नवा आणि जुना शेजारी ठेवले.
नव्याची मान दोन सूत लांब.
म्हणजे अठराही नाही, एकोणीसही नाही,
अर्धा दिवस आम्ही भांडलो ते
भंगारात गेलेल्या तुकड्यासाठी.

मग सुतळी. मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत ताणलेली,
भरमाण्णा उकिडवा, एक डोळा मिटून,
"स्वल्प आत. हां. सरी. अजून केसभर."
पिना टोचल्या, टोकं वळवली,
निपलमधून ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत पंप मारला.

वेंगुर्ला रोडनं निघालो. बाई डाव्या बाजूला, चाकामागं,
मी उजवीकडं, जिथं ड्रायव्हर असायला हवा
तिथं रिकाम्या हातांनी.
हिंदळगा गेलं. सुळग्याच्या पुढं बाईंनी
स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.
मी ओरडणार होतो.
गाडी सरळ गेली.
काजूच्या झाडांमधून, एका म्हशीला ओळख न देता,
सरळ.
बाई रस्त्याकडं बघत होत्या. एकदाच म्हणाल्या,
"बघ. आता विचारत नाही."
कुणाला म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

बाची संपून शिनोळी आली,
पाट्यांवरची एक लिपी गळाली,
आणि परत वळायचं म्हटलं तर रस्ता अपुरा.
पुढं, मागं, पुढं, मागं,
एसटीवाला हॉर्न देतोय, पोरं जमली,
एकदाची डॉज बेळगावकडं तोंड करून उभी राहिली.

मागच्या सीटवरून भरमाण्णा म्हणाला,
"एळु सल वळवली."
मी म्हणालो, सहा.